अर्धायुष्य संपले की उरलेले निम्मे का संपत नाही? किरणोत्सारी क्षय, मुळापासून

विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने चार प्रश्न एकत्र विचारले आहेत. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवसांचे. ८ दिवसांत निम्मे संपते, तर उरलेले निम्मे पुढच्या ८ दिवसांत संपून १६ दिवसांनी शून्य का होत नाही? कोणत्या अणूने आधी क्षय पावायचे हे कशावरून ठरते? तापवले किंवा आम्लात विरघळवले तरी वेग का बदलत नाही? आणि हे सगळे केंद्रकात घडते, तर रसायनशास्त्राच्या पुस्तकात त्याचे काय काम? सूत्रे पाठ आहेत, गणितेही सुटतात, पण आत काय चालले आहे ते कळत नाही, असे त्यांनी लिहिले आहे.

मी बरीच वर्षे किरणोत्सारी नमुन्यांवर काम करतो आहे, आणि तेही रसायनाच्या बाजूने. त्यामुळे चौथा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे. पण चारही प्रश्न मुळाशी एकाच ठिकाणी जातात. केंद्रकाला वय नसते, आणि आपण कोणत्या रेणूत बसलो आहोत याचे त्याला सोयरसुतक नसते. क्षय मात्र झाला, म्हणजे केंद्रकातून कण किंवा किरण बाहेर पडला, की मागे बहुधा वेगळेच मूलद्रव्य उरते, आणि तिथून पुढचा सगळा कारभार रसायनाचा असतो.

पहिला प्रश्न आकड्यांनीच सोडवू. अर्धायुष्य हा मूळ आकडा नाही, तो सोयीसाठी काढलेला आहे. मूळ आकडा क्षयस्थिरांकाचा. एका केंद्रकाचा पुढच्या सेकंदात क्षय होण्याची शक्यता किती, हे तो सांगतो. तो काढायचा तर ०.६९३ ला अर्धायुष्याने भागायचे. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८.०२ दिवस, म्हणजे सुमारे ६ लाख ९३ हजार सेकंद. भागाकार येतो जवळजवळ १० लाखांत १. आता समोर आयोडीन-१३१ चे १० लाख अणू आहेत असे धरा. त्यांतला सरासरी १ अणू दर सेकंदाला क्षय पावेल. सेकंदाला १ क्षय म्हणजे १ बेकरेल. हाच वेग शेवटपर्यंत टिकला असता तर १० लाख अणू १० लाख सेकंदांत, म्हणजे साधारण साडेअकरा दिवसांतच संपले असते, १६ दिवसही लागले नसते. पण वेग टिकत नाही. शक्यता प्रत्येक अणूमागे ठरलेली आहे, त्यामुळे अणू कमी झाले की क्षयही त्याच प्रमाणात कमी होतात. ८ दिवसांनी ५ लाख अणू उरले की सरासरी दोन सेकंदांना एक क्षय. १६ दिवसांनी अडीच लाख उरले की चार सेकंदांना एक. साडेअकरा दिवसांच्या त्या आकड्याला सरासरी आयुष्य म्हणतात आणि ते नेहमी अर्धायुष्याच्या १.४४ पट असते.

म्हणून सूत्र पाठ करायचेच असेल तर हे करा: सक्रियता (म्हणजे सेकंदाला होणारे क्षय) बरोबर क्षयस्थिरांक गुणिले केंद्रकांची संख्या. बाकीची सगळी गणिते यातून निघतात.

विद्यार्थी अडतात ते आकड्यांपाशी नव्हे, वयापाशी. माणूस २० वर्षांचा असताना पुढच्या वर्षभरात मरण्याची शक्यता आणि ८० वर्षांचा असताना तीच शक्यता यांत मोठा फरक असतो, कारण शरीर झिजते. केंद्रक झिजत नाही. अणुभट्टीतून आज सकाळी बाहेर आलेले आयोडीन-१३१ चे केंद्रक आणि तीन महिने कुपीत पडून राहिलेले केंद्रक यांत कोणत्याही मोजमापाने फरक दाखवता येत नाही, आणि दोघांची पुढच्या सेकंदातली शक्यता अगदी सारखी. २० अर्धायुष्यांनी, म्हणजे सुमारे १६० दिवसांनी, आपल्या १० लाखांतला सरासरी एकच अणू उरेल. त्या एकट्या अणूचीही शक्यता दर सेकंदाला १० लाखांत १ हीच असेल. तो पुढच्या क्षणी जाईल किंवा महिनाभर राहील. 'शून्य कधी होईल' या प्रश्नाला ठरलेली तारीख नाही ती यामुळे.

हे कोणी बसल्या जागी सुचवलेले तत्त्व नाही, मोजणीतून हाती आलेले आहे. १८९६ मध्ये बेकरेल यांना युरेनियमच्या क्षारांतून निघणारे किरण सापडले. १८९८ मध्ये मारी आणि पिएर क्युरी यांनी पोलोनियम आणि रेडियम शोधले. १९०० मध्ये रदरफर्ड यांनी थोरियमच्या संयुगांतून निघणारा एक किरणोत्सारी वायू पकडला आणि त्याची तीव्रता सुमारे दर मिनिटाला निम्मी होते असे मोजले. आज आपण त्याला रेडॉन-२२० म्हणतो, अर्धायुष्य ५५.६ सेकंद. मग माँट्रियलमध्ये रदरफर्ड आणि तरुण रसायनशास्त्रज्ञ सॉडी यांनी १९०२ च्या सुमारास ठामपणे मांडले की हे किरण म्हणजे एका मूलद्रव्याचे दुसऱ्या मूलद्रव्यात रूपांतर होण्याची खूण आहे. मूलद्रव्ये बदलत नाहीत या पायावर तेव्हाचे सगळे रसायनशास्त्र उभे होते, हे लक्षात घेतले की या विधानाचे धाडस कळते.

आता दुसरा प्रश्न: कोणता अणू आधी? प्रामाणिक उत्तर असे की कशावरूनच ठरत नाही. क्षय पावणाऱ्या केंद्रकात आधी काही बिघडलेले असते आणि ते आपल्याला दिसत नाही, असे समजू नका. अल्फा क्षयाचे उदाहरण घ्या. केंद्रकाच्या आतला अल्फा कण (दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांचा गठ्ठा) एका ऊर्जेच्या भिंतीआड अडकलेला असतो. भिंत ओलांडायला लागते तेवढी ऊर्जा त्याच्याकडे नसते. जुन्या यांत्रिकीप्रमाणे तो कधीच बाहेर येऊ नये. पुंजयांत्रिकीप्रमाणे, म्हणजे अणूंच्या पातळीवरच्या नव्या नियमांप्रमाणे, तो भिंतीतून आरपार जाण्याची अगदी अल्प शक्यता असते. १९२८ मध्ये गॅमॉ यांनी, आणि स्वतंत्रपणे गर्नी व काँडन यांनी, ही शक्यता काढून दाखवली. कण केंद्रकात सतत भिंतीवर आदळत असतो आणि एखाद्या वेळी पार होतो. कोणत्या वेळी, ते सांगणारी कोणतीही राशी निसर्गात सापडलेली नाही.

या भिंतीचा परिणाम किती तीव्र असतो ते पाहण्यासारखे आहे. थोरियम-२३२ मधून निघणाऱ्या अल्फा कणाची ऊर्जा सुमारे ४ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या ऊर्जेचे एकक), अर्धायुष्य १४ अब्ज वर्षे. त्याच मालिकेतल्या पोलोनियम-२१२ च्या अल्फा कणाची ऊर्जा सुमारे ८.८ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे दुपटीहून थोडी जास्त. त्याचे अर्धायुष्य मात्र एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचाही तिसरा हिस्सा. ऊर्जा दुप्पट, आणि अर्धायुष्यात फरक १ वर २४ शून्ये इतक्या पटींचा. निसर्गात इतक्या लहान कारणाने इतका मोठा फरक पडताना मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

एकेका अणूबद्दल काहीच सांगता येत नाही, आणि तरी अणूंच्या समूहाबद्दल अतिशय काटेकोर सांगता येते. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे, आणि ते समजायचे असेल तर मोजणीयंत्रासमोर बसावे. क्षीण स्रोत ठेवला की टिकटिक समान अंतराने होत नाही. तीन-चार टिका एकापाठोपाठ येतात, मग लांब खंड पडतो. मिनिटाला सरासरी १०० मोजणी देणारा नमुना पुन्हा पुन्हा मोजा. ९३, १०८, ९९, ११४, ८८ असे आकडे येतील. नवे विद्यार्थी लगेच यंत्रावर संशय घेतात. वास्तविक मोजणीचा पसारा तिच्या वर्गमुळाइतका असतो. १०० मोजणीत १० चा, म्हणजे १० टक्के. १०,००० मोजणीत १०० चा, म्हणजे १ टक्का. अचूकता हवी असेल तर जास्त वेळ मोजायचे, दुसरा उपाय नाही. उलट प्रत्येक मिनिटाला नेमके १००, १००, १०१, १०० असे आकडे आले तर मात्र यंत्र तपासायला हवे. किरणोत्सार इतका शिस्तीत कधीच वागत नाही.

सांगता येण्याजोगे असते ते एवढेच: कोणते केंद्रक अस्थिर आहे आणि ते कोणत्या वाटेने जाईल. हा भाग पुस्तकात नीट दिलेला असतो, त्यामुळे भरभर घेतो. हलक्या मूलद्रव्यांत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन साधारण सारखे असले की केंद्रक टिकते. कॅल्शियम-४० मध्ये २० आणि २०. त्यापलीकडे समसमान संख्येचे एकही स्थिर केंद्रक नाही, कारण प्रोटॉनांचे परस्पर प्रतिकर्षण वाढत जाते आणि ते सावरायला न्यूट्रॉन जास्त लागतात. शिसे-२०८ मध्ये ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन. न्यूट्रॉन प्रमाणाबाहेर असतील तर एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. हा बीटा क्षय, मूलद्रव्य आवर्तसारणीत एक घर पुढे सरकते: कार्बन-१४ चे नायट्रोजन-१४. प्रोटॉन जास्त असतील तर पॉझिट्रॉन, म्हणजे धनभाराचा इलेक्ट्रॉन, बाहेर पडतो किंवा केंद्रक स्वतःच्याच कवचातला एक इलेक्ट्रॉन आत ओढून घेते. दोन्हींत मूलद्रव्य एक घर मागे येते. फार जड केंद्रके अल्फा कण, म्हणजे हेलियमचे केंद्रक, फेकतात आणि दोन घरे मागे येतात. गॅमा क्षयात मूलद्रव्य बदलत नाही, उत्तेजित केंद्रक केवळ खालच्या पातळीवर येते.

परीक्षेत मालिकेचे गणित नेहमी विचारतात, त्याची युक्ती सांगतो. युरेनियम-२३८ पासून शिसे-२०६ पर्यंत किती अल्फा, किती बीटा? वस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून संख्या) फक्त अल्फाने घटतो, म्हणून अल्फापासून सुरुवात करा. २३८ वजा २०६ म्हणजे ३२, भागिले ४, अल्फा ८. आठ अल्फांनी अणुअंक (प्रोटॉनांची संख्या) ९२ वरून ७६ वर यायला हवा होता, पण शिशाचा ८२ आहे. फरक ६, म्हणून बीटा ६.

बीटाबद्दल एक गोष्ट मात्र वेगळी सांगायलाच हवी. ठरावीक केंद्रकातून निघणारे अल्फा कण ठरावीक ऊर्जेचेच असतात, पण बीटा कणांची ऊर्जा शून्यापासून एका कमाल मर्यादेपर्यंत कितीही असू शकते. ऊर्जा अक्षय्य असते तर उरलेली गेली कुठे? हा पेच इतका गंभीर होता की ऊर्जा अक्षय्यतेचा नियमच सोडून द्यावा का, अशी चर्चा मोठ्या शास्त्रज्ञांत झाली. १९३० मध्ये पाउली यांनी सुचवले की एक विद्युतभार नसलेला, जवळजवळ न सापडणारा कण बाकीची ऊर्जा घेऊन जात असावा. तो न्यूट्रिनो. प्रत्यक्ष पुरावा मिळायला १९५६ उजाडले.

तिसरा प्रश्न तापमानाचा. इथे ऊर्जेची मापे शेजारी ठेवली की उत्तर आपोआप दिसते. रासायनिक बंध तोडायला एका अणूमागे काही इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. १००० अंश सेल्सियसच्या भट्टीतही उष्णतेतून एका अणूच्या वाट्याला येणारी ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. रेडियम-२२६ चा अल्फा क्षय होताना बाहेर पडणारी ऊर्जा ४.८७ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट. हा आकडा तुम्ही स्वतः काढू शकता. रेडियम-२२६ चे वस्तुमान २२६.०२५४, रेडॉन-२२२ चे २२२.०१७६, हेलियमचे ४.००२६. शेवटच्या दोघांची बेरीज पहिल्यापेक्षा ०.००५२ ने कमी भरते, आणि हे हरवलेले वस्तुमान ९३१.५ ने गुणले की ऊर्जा दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मिळते. ज्या घडामोडीत लाखो पटींनी मोठी ऊर्जा गुंतलेली आहे तिला आपली भट्टी, आम्ल किंवा दाब जाणवतच नाही. आयोडीन मूलद्रव्य असो, पोटॅशियम आयोडाइड असो की एखाद्या सेंद्रिय रेणूत बांधलेले असो, ८.०२ दिवस ते ८.०२ दिवसच.

तरीही 'कधीच नाही' असे लिहू नका, कारण ते पूर्ण खरे नाही. क्षयात इलेक्ट्रॉनांचाच सहभाग असेल तर इलेक्ट्रॉन कसे मांडलेले आहेत याचा परिणाम होतो. बेरिलियम-७ कवचातला इलेक्ट्रॉन ओढून क्षय पावते. अर्धायुष्य सुमारे ५३ दिवस. इलेक्ट्रॉन थोडेच असल्यामुळे संयुग बदलले की हा वेग किंचित बदलतो. टेक्नेशियम-९९एम या उत्तेजित केंद्रकाचे अर्धायुष्य रासायनिक रूपाप्रमाणे सुमारे ०.३ टक्क्यांनी बदलते, हे १९५१ मध्ये मोजले गेले. आणि इलेक्ट्रॉन पूर्ण काढून टाकले तर? डिस्प्रोसियम-१६३ हा साध्या अवस्थेत स्थिर अणू आहे. जर्मनीतल्या डार्मस्टाट येथे १९९० च्या दशकात त्याचे सगळे ६६ इलेक्ट्रॉन काढून केंद्रके वलयात फिरत ठेवली, तेव्हा त्यांचा सुमारे ४७ दिवसांच्या अर्धायुष्याने बीटा क्षय होऊ लागला. स्थिर म्हणून नोंदलेले केंद्रक इलेक्ट्रॉन गेल्यावर अस्थिर होते. मला ही घटना फार मोलाची वाटते. नियमाचे कारण कळले की अपवादही कुठे शोधायचा ते कळते.

आता चौथा प्रश्न, रसायनाचा.

क्षयाने मूलद्रव्य बदलते, म्हणजे संयुजा, आकार, विद्राव्यता सगळेच बदलते. रेडियम हा घन धातू, त्याच्या क्षयातून रेडॉन हा उदासीन वायू तयार होतो आणि दगडातल्या फटींतून वर निघून जातो. कर्करोगाच्या तपासणीत वापरतात त्या ग्लुकोजसदृश रेणूत फ्लोरिन-१८ जोडलेले असते, अर्धायुष्य ११० मिनिटे. त्या फ्लोरिनचा क्षय होऊन ऑक्सिजन-१८ तयार होतो, तो आसपासच्या पाण्यातून एक हायड्रोजन आयन घेतो, आणि मागे उरतो तो जड ऑक्सिजन असलेला साधा ग्लुकोजचा रेणू. किरणोत्सार संपतो आणि पेशी तो रेणू नेहमीच्या ग्लुकोजसारखाच वापरते.

केंद्रकविज्ञानातला कदाचित सर्वांत मोठा शोधही परीक्षानळीतच लागला. डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनला हान आणि श्ट्रासमान युरेनियमवर न्यूट्रॉन मारून काय तयार होते ते वेगळे करत होते. त्यांना वाटत होते की मिळालेला किरणोत्सार रेडियमचा आहे. रेडियम बेरियमबरोबर अवक्षेपित होते, म्हणजे द्रावणातून गाळ होऊन खाली बसते, म्हणून त्यांनी बेरियम घातले आणि मग नेहमीच्या स्फटिकीकरणाने रेडियम बेरियमपासून वेगळे करू लागले. किरणोत्सार बेरियमपासून काही केल्या सुटेना. तो बेरियमच होता. ५६ अणुअंकाचे मूलद्रव्य ९२ अणुअंकाच्या मूलद्रव्यातून निघाले होते, म्हणजे केंद्रकाचे दोन तुकडे झाले होते. माइटनर आणि फ्रिश यांनी त्याचा भौतिक अर्थ लावला, पण पुरावा दिला तो एका चिवट रासायनिक विलगीकरणाने. काम नीट केले नसते तर 'थोडे रेडियम बेरियमला चिकटून राहिले' असे म्हणून ते पुढे गेले असते.

माझ्या रोजच्या कामातले उदाहरण टेक्नेशियमच्या जनित्राचे, म्हणजे टेक्नेशियम सतत तयार करत राहणाऱ्या नळीचे. ते जरा सविस्तर सांगतो, कारण वरचे सगळे मुद्दे त्या एका नळीत सापडतात. टेक्नेशियमचा एकही स्थिर समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचे वेगळ्या न्यूट्रॉनसंख्येचे रूप) नाही. १९३७ मध्ये पेरिए आणि सेग्रे यांनी सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्रात वापरलेल्या मोलिब्डेनमच्या पत्र्यातून ते वेगळे केले, आणि कृत्रिमरीत्या मिळालेले ते पहिले मूलद्रव्य ठरले. रुग्णांच्या तपासणीत त्याचे उत्तेजित रूप, टेक्नेशियम-९९एम, वापरतात. अर्धायुष्य ६ तास, गॅमाची ऊर्जा १४० हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट. ६ तासांचा माल लांबून आणायचा तर वाटेतच संपायचा. म्हणून त्याचे जनक, मोलिब्डेनम-९९, आणतात. त्याचे अर्धायुष्य ६६ तास.

शिशाच्या जाड आवरणात एक छोटी काचनळी, तिच्यात ॲल्युमिनाची पूड. मोलिब्डेनम मोलिब्डेट आयनांच्या रूपात या पुडीला घट्ट धरून बसते. त्याचा बीटा क्षय झाला की त्या जागी टेक्नेशियम येते आणि परटेक्नेटेट आयन बनतो, ज्याच्यावर एकच ऋणभार असतो. ॲल्युमिनाची त्याच्यावरची पकड सैल असते. वरून ०.९ टक्के मिठाचे निर्जंतुक पाणी ओढले की क्लोराइड त्याची जागा घेते, टेक्नेशियम खाली कुपीत उतरते आणि मोलिब्डेनम नळीतच राहते. याला आम्ही मिल्किंग म्हणतो. नळी रिकामी झाली की क्षयामुळे ती आपोआप पुन्हा भरू लागते. ६ तासांत कमाल पातळीच्या निम्म्याहून अधिक, आणि सुमारे २३ तासांनी कमाल. म्हणून सकाळी काढले की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काढायचे, हे वेळापत्रक निसर्गानेच सोयीचे करून दिले आहे.

आता कुपीत किती माल उतरला ते पाहा. सक्रियता समजा १ अब्ज बेकरेल. ६ तास म्हणजे २१,६०० सेकंद. क्षयस्थिरांकाने भागले की अणूंची संख्या येते सुमारे ३१ लाख कोटी. ऐकायला प्रचंड, पण वजन केले तर एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या केवळ पाचपट. जगातल्या कोणत्याही साध्या तराजूवर हे दिसणार नाही. इतक्या कमी पदार्थाचे रसायन पुस्तकातल्या रसायनासारखे वागत नाही. अवक्षेप तयार होत नाही, कारण संपृक्ततेच्या जवळपासही आपण पोचत नाही. काचेच्या भिंतीला, गाळणकागदाला, पिचकारीच्या रबराला चिकटून निम्मा माल गायब होऊ शकतो. म्हणून जिथे चालते तिथे त्याच मूलद्रव्याचे थोडे स्थिर रूप वाहक म्हणून मिसळतात. टेक्नेशियमला स्थिर रूप नसल्यामुळे ती सोयही नाही.

आणखी एक बाब नवख्यांच्या लक्षात येत नाही. टेक्नेशियम-९९एम गॅमा देऊन टेक्नेशियम-९९ होते, ज्याचे अर्धायुष्य सुमारे २ लाख ११ हजार वर्षे. मोजणीयंत्राला ते दिसत नाही म्हटले तरी चालेल. पण रसायनाला दोन्ही सारखेच दिसतात. आदल्या दिवशी नळी रिकामी केली असेल तर २४ तासांनी काढलेल्या टेक्नेशियमपैकी सुमारे २८ टक्के अणूच उत्तेजित असतात. तीन दिवस नळी तशीच राहिली तर हे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांवर येते. बाकीचे टेक्नेशियम-९९. पुढच्या पायरीत कथिलाच्या क्षाराने टेक्नेशियमचे क्षपण करून, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन, ते औषधाच्या रेणूला जोडायचे असते. कथिल मोजकेच असते आणि ते उत्तेजित-अनुत्तेजित भेद करत नाही. मग सुट्टीनंतरच्या पहिल्या कुपीत सक्रियता व्यवस्थित दिसते आणि तरी जोडणी अपुरी होते. यंत्रावरचा आकडा बरोबर, क्षयाचे गणित बरोबर, आणि अडचण शुद्ध रसायनाची. माझा सल्ला असा की लांब सुट्टीनंतर पहिली कुपी बाजूला ठेवा, काही तासांनी पुन्हा काढा आणि ती वापरा.

कुपी वापरण्याआधी मोलिब्डेनम खाली उतरलेले नाही हे तपासावेच लागते. कुपी शिशाच्या आवरणात ठेवून मोजतात. १४० हजारांचे गॅमा शिशात अडतात, पण मोलिब्डेनमचे ७४० हजारांचे गॅमा बरेचसे आरपार येतात. जे मोजले जाते ते मोलिब्डेनमचे.

शेवटी अर्धायुष्य आणि धोका यांच्याबद्दल, कारण प्रश्नात नसले तरी गैरसमज इथेच जास्त आहेत. 'अर्धायुष्य अब्जावधी वर्षांचे, म्हणजे फार घातक' असे सर्रास बोलले जाते. सूत्र उलट सांगते. १ ग्रॅम युरेनियम-२३८, अर्धायुष्य ४.४७ अब्ज वर्षे, सेकंदाला सुमारे १२,४०० क्षय. १ ग्रॅम रेडियम-२२६, अर्धायुष्य १६०० वर्षे, सेकंदाला सुमारे ३,७०० कोटी. क्युरी हे जुने एकक याच आकड्यावरून आले. १ ग्रॅम आयोडीन-१३१ मध्ये सेकंदाला सुमारे ४६ कोटी कोटी क्षय. अर्धायुष्य जितके कमी, तितकी ग्रॅममागची सक्रियता जास्त. त्रासदायक ठरतात ते मधल्या अर्धायुष्याचे समस्थानिक, उदाहरणार्थ सुमारे ३० वर्षांचे सीझियम-१३७. सक्रियता भरपूर, आणि एका माणसाच्या हयातीत संपत नाही.

पण नुसते बेकरेल पाहूनही धोका ठरत नाही. कोणता किरण, किती ऊर्जेचा, शरीराबाहेर की आत, आणि आत गेला तर किती दिवस राहणार, हे सगळे पाहावे लागते. अल्फा कण हवेत काही सेंटिमीटर जातो, त्वचेचा मृत थरही त्याला पुरतो, पण तोच पदार्थ श्वासातून फुफ्फुसात गेला तर सर्वांत घातक. फॉस्फरस-३२ च्या जोरदार बीटा कणांसमोर थेट शिसे धरू नये, कारण जड धातूत बीटा कण अचानक थांबले की क्ष-किरण निघतात. आधी ॲक्रिलिकचा जाड पडदा, मग गरज असेल तर त्यामागे शिसे. आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेली वस्तू किरणोत्सारी होत नाही. वस्तूवर किरण पडणे वेगळे आणि वस्तूला किरणोत्सारी पदार्थ चिकटणे वेगळे. आपले शरीरही मुळात किरणोत्सारी आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात केवळ पोटॅशियम-४० चे सेकंदाला चार हजारांहून जास्त क्षय होत असतात.

दहा अर्धायुष्ये थांबले की माल संपला असा एक नियम विद्यार्थी पाठ करतात. दहा अर्धायुष्यांनी १०२४ वा भाग उरतो, एवढाच त्याचा अर्थ. सुरुवात १० लाख बेकरेलपासून असेल तर १ हजार उरतील. सुरुवात १ अब्जपासून असेल तर १० लाख उरतील, आणि त्याला संपले म्हणता येत नाही. म्हणून साठवणीच्या प्रत्येक पिशवीवर समस्थानिक, तारीख आणि सुरुवातीची सक्रियता अशा तिन्ही गोष्टी लिहितात, हिशेबाने काढलेल्या दिवसापर्यंत ती ठेवतात, आणि त्या दिवशी पुन्हा मोजतात. आकडा पार्श्वभूमीच्या, म्हणजे आसपास नेहमीच असणाऱ्या किरणोत्साराच्या, पातळीवर आलेला नसेल तर पिशवी परत आत जाते. मोजणी हिशेबापेक्षा जास्त आली तर पहिला संशय हा घ्यावा की तिच्यात एखादा जास्त अर्धायुष्याचा समस्थानिक मिसळलेला आहे. तेव्हा काही दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा मोजून घट किती वेगाने होते ते काढा. त्या वेगावरून अर्धायुष्य कळते, आणि अर्धायुष्यावरून बहुतेक वेळा मिसळलेल्या समस्थानिकाचे नावही.